‘तर’ आणि ‘ना’ यांच्या मधे

समुपदेशनाच्या प्रशिक्षणवर्गात रोल-प्ले सुरू होऊन बारा मिनिटं झाली होती. समोरच्या खुर्चीत माझी वर्गमैत्रीण नैराश्यात असलेल्या माणसाची भूमिका करत होती, आणि इतकी छान करत होती की ती वर्गमैत्रीण आहे हेच मी विसरले होते. तिसऱ्या खुर्चीत निरीक्षक, हातात पेन. आता जोखमीचे प्रश्न, असं मनात म्हणत मी जरा पुढे वाकले आणि जमेल तितक्या मऊ आवाजात विचारलं, “तुमच्या मनात काही वाईटसाईट विचार तर येत नाहीत ना?”

“नाही,” ती म्हणाली.

मला हायसं वाटलं. कागदावर खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

वेळ संपल्यावर शिक्षिकांनी मैत्रिणीला दिलेली भूमिकेची चिठ्ठी सगळ्यांसमोर वाचली. शेवटची ओळ होती : गेला आठवडाभर मरणाचे विचार येत आहेत, कुणी सरळ विचारलं तर सांगेन.

“पण मी विचारलं की,” मी म्हणाले.

“नाही विचारलंस. तू तिला उत्तर सांगितलंस. तिने फक्त मान डोलावली.”

त्या दिवशी मी ‘तर’ आणि ‘ना’ या दोन शब्दांवर जितका विचार केला तितका आयुष्यात कधी केला नव्हता. राग तर नाही ना आला? उशीर तर नाही ना झाला? दुखत तर नाही ना? बोलीतली ही किती लाडकी रचना आहे! तिच्यात माया आहे, धास्ती आहे आणि एक गुपचूप केलेली विनंतीही आहे : कृपा करून ‘नाही’ म्हण, म्हणजे माझ्या जिवाला घोर लागणार नाही. समोरच्याला ही विनंती बरोबर ऐकू येते. आधीच स्वतःला सगळ्यांवरचं ओझं समजणारा माणूस तर ती ताबडतोब मान्य करतो. त्यात पुन्हा ‘वाईटसाईट’. म्हणजे असे विचार येणं हीच वाईट गोष्ट, हा निकाल प्रश्नातच देऊन टाकलेला.

मग आम्हाला तो शब्द मोठ्याने म्हणायला लावला. जोड्याजोड्यांनी, एकमेकांच्या डोळ्यांत बघून. “इतकं असह्य झालं की काही जणांच्या मनात जीव संपवण्याचे विचार येतात. तुमच्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?” एवढं साधं वाक्य. पहिल्या वेळी मी ‘आत्महत्या’ या शब्दावर आवाज इतका खाली नेला की समोरच्याने “काय?” असं विचारलं. दुसऱ्या वेळी घाईने गिळला. एक जण हसला, हसल्याची लाज वाटून गप्प झाला. चौथ्या-पाचव्या वेळी कुठे तो शब्द इतर शब्दांसारखा आवाजात बसला. विचारल्यामुळे नसलेला विचार मनात रुजतो, ही समजूत मीही बाळगून होते. अभ्यास सांगतात की तसं होत नाही. उलट बऱ्याच जणांना विचारलं गेल्याने सुटल्यासारखं वाटतं. आणि ‘हो’ आलं तर तिथे थांबायचं नसतं : विचार किती वेळा येतात, काही ठरवलं आहे का, साधन हाताशी आहे का, पूर्वी कधी प्रयत्न झाला होता का, आजवर कशामुळे थांबलात. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. आणि हे सगळं शांतपणे, जणू झोप किती लागते हे विचारावं तसं. त्यानंतर हे एकट्याने पोटात ठेवायचं नाही. त्याच दिवशी सुपरव्हायझरला सांगायचं, गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं. म्हणून पहिल्या भेटीच्या पहिल्या पाच मिनिटांतच सांगून ठेवावं लागतं की इथलं बोलणं गुप्त राहील, पण जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही.

(या लेखात खऱ्या क्लायंटबद्दल एक ओळही येणार नाही, हेही इथेच सांगते. जे आहे ते वर्गातलं, रोल-प्लेमधलं आणि माझं स्वतःचं.)

मी या प्रशिक्षणाला आले ती एका प्रशस्तिपत्राच्या जोरावर : ‘तू छान ऐकतेस.’ लहानपणापासून हे ऐकलं होतं. मैत्रिणींची प्रेमप्रकरणं, भावाची नोकरीची कटकट, सगळ्याला मी कान. मला वाटलं, अर्धं काम तर आपल्याला येतंच; आता थोडं शास्त्र शिकलं की झालं. पहिल्या महिन्यात लक्षात आलं की जे येतं असं वाटत होतं तेच आधी विसरायचं होतं.

आम्हाला कशासाठी तयार करत होते ते थोडक्यात सांगते. सौम्य ते मध्यम स्वरूपाची चिंता आणि नैराश्य असलेल्या लोकांसोबत सहा-आठ भेटींत, ठरावीक पद्धतींनी काम करणं. आम्ही डॉक्टर नाही. औषध देत नाही. वर्षानुवर्षं बालपण खणतही नाही. माणसाने स्वतः वापरायची काही साधनं त्याच्या हातात देणं, ती वापरताना सोबत करणं, आणि प्रकरण आपल्या आवाक्याबाहेरचं आहे हे वेळेत ओळखणं, एवढंच. इंग्लंडमध्ये २००८ साली अर्थतज्ज्ञ रिचर्ड लेयर्ड आणि मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांच्या पुढाकाराने अशा प्रशिक्षित कार्यकर्त्यांची फौजच उभी राहायला लागली. झिम्बाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी आजीबाईंना शिकवलं आणि त्यांना बाकावर बसवलं. त्याला ‘मैत्रीचा बाक’ म्हणतात. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला शब्द आहे ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अति विचार करणं. आजीबाई ‘डिप्रेशन’ म्हणत नाहीत, ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, आणि माणसं बाकावर येऊन बसतात. मला हे वाचून बरं वाटलं. ‘विचार करून करून डोकं फुटायची वेळ आली’ असं म्हणणाऱ्या माणसाला आपण निदानाचा शब्द शिकवण्याआधी त्याचाच शब्द का नाही घ्यायचा?

शब्दांचं हे खूळ मला त्या ‘तर-ना’पासून लागलं, आणि पुढे ते वाढतच गेलं.

दुसरा शब्द होता ‘वाटणं’. आरन बेक हे अमेरिकन मनोविश्लेषक. नैराश्य म्हणजे स्वतःवर उलटलेला राग, या जुन्या सिद्धान्ताला पुरावा शोधायला त्यांनी रुग्णांची स्वप्नं तपासायला घेतली. रागाऐवजी त्यांना सापडलं ते नुकसान, अपयश, नाकारलं जाणं. त्यांच्या कारकिर्दीतला एक प्रसंग अभ्यासवर्गांत हमखास सांगतात. एक रुग्ण स्त्री आपल्या खासगी आयुष्याबद्दल बोलताना अस्वस्थ होत होती. बेक यांना वाटलं, विषय नाजूक आहे म्हणून असेल. प्रत्यक्षात तिच्या मनात सतत चाललं होतं की, मी यांना कंटाळा आणतेय. बोलण्याच्या खालून वाहणारा हा दुसरा प्रवाह. बेक यांनी त्याला आपोआप येणारे विचार म्हटलं, आणि १९६०च्या दशकात त्यावर ‘बोधात्मक उपचार’ ही एक उपचारपद्धतीच उभी केली. विचार, भावना, शरीर आणि वर्तन ही चार टोकं एकमेकांना ओढतात; कुठलंही एक टोक धरून गुंता सोडवायला सुरुवात करता येते.

ऐकायला सोपं. कागदावर चार चौकोन काढले की झालं. पण आपण मराठीत ते भरायला बसलो की पहिल्याच मिनिटाला अडतो, कारण आपल्याकडे विचारही ‘वाटतो’ आणि भावनाही ‘वाटते’. ‘मला उदास वाटतं’ ही भावना. ‘मला वाटतं, मी कुणालाच नकोय’ हा विचार. आणि ‘मला नकोसं वाटतं’ हे नक्की काय? एका रोल-प्लेमध्ये मी विचारलं, “तेव्हा तुम्हाला काय वाटलं?” समोरून उत्तर आलं, “वाटलं, संपलं सगळं.” मी ते भावनेच्या चौकोनात लिहिलं. निरीक्षकाने नंतर विचारलं, “ही भावना आहे?” शिक्षिकांनी मग एक युक्ती दिली : जे एका शब्दात मावतं ते भावनेत टाका, ज्याला अख्खं वाक्य लागतं ते विचारात. भीती, लाज, चीड, ओकंबोकंपण हे भावनेत. ‘संपलं सगळं’ हे वाक्य आहे. त्याच्यावर प्रश्न विचारता येतो. ‘सगळं’ म्हणजे काय काय? भीतीला असं विचारता येत नाही. ती आहे, एवढंच.

हा फरक कळल्यापासून मी मात्र काही महिने फार कंटाळवाणी झाले होते. कुणी ‘मला वाटतं’ म्हटलं की माझ्या डोक्यात चौकोन. घरच्यांनी सहन केलं.

प्रश्नावल्यांबद्दलही सांगायला हवं, कारण त्यांच्याबद्दल माझं मत दोनदा बदललं. नैराश्यासाठी पीएचक्यू-९, चिंतेसाठी जीएडी-७. पहिली २००१ साली प्रसिद्ध झाली, दुसरी २००६ साली; स्पिट्झर, क्रोंकी, विल्यम्स ही नावं दोन्हींवर आहेत. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, याला शून्य ते तीन गुण. पहिलीची बेरीज जास्तीत जास्त २७, दुसरीची २१. दहा किंवा त्याहून जास्त झालं की लक्ष द्यायचं. सुरुवातीला मला हे फार कोरडं वाटलं. माणसाचं दुःख बेरजेत घालायचं? मग हळूहळू दिसलं की फॉर्म भरताना माणसं अशा गोष्टी कबूल करतात ज्या बोलताना येत नाहीत. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे, आणि त्यात ‘तर नाहीत ना’ नाही. कागद लाजत नाही. तिसऱ्या टप्प्यावर मी पुन्हा थोडी सावध झाले : चौदावरून नऊवर आलेला आकडा बघून आनंद माणसाला होतो की मला? काही जण आकडा आपल्याला खूश करण्यासाठी खाली आणतात. आणि बेरीज म्हणजे निदान नव्हे. थायरॉईड बिघडलेला, रक्त कमी असलेला माणूसही थकवा, झोप, मन न लागणं या रकान्यांत भरघोस गुण मिळवतो. म्हणून आधी तब्येतीची तपासणी, औषधांची, व्यसनांची चौकशी. मग मनाच्या गोष्टी.

सगळ्यात जास्त मला शिकवलं ते ज्याला वर्तन सक्रियता म्हणतात त्या पद्धतीने. नाव रुक्ष आहे, आशय साधा आहे. नैराश्यात माणूस म्हणतो, ‘बरं वाटलं की करीन.’ करावंसं वाटत नाही, म्हणून करत नाही. करत नाही, म्हणून आयुष्यातून आनंदाची, कर्तबगारीची एकेक जागा गळत जाते. म्हणून आणखी करावंसं वाटत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर ल्युइनसोन यांनी १९७०च्या दशकात हे चक्र मांडलं. उपाय उलट्या बाजूने : वाटण्याची वाट बघायची नाही, ठरल्या वेळी ठरलेलं छोटंसं काम करायचं, मग वाटणं मागून येतं. कधी येतं, कधी उशिरा येतं. १९९६ साली नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी बेक यांच्या पद्धतीचे भाग सुटे करून तपासले, तेव्हा नुसती वर्तनाची बाजू घेतलेल्या लोकांनाही संपूर्ण उपचार घेतलेल्यांइतकाच फायदा झाल्याचं दिसलं. २०१६ साली ब्रिटनमध्ये ४४० जणांवरच्या एका चाचणीत तर कनिष्ठ कार्यकर्त्यांनी दिलेली वर्तन सक्रियता ही अनुभवी मानसोपचारकांनी दिलेल्या बोधात्मक उपचारापेक्षा कमी पडली नाही. माझ्यासारख्या शिकाऊ माणसाला ही बातमी किती धीराची, ते सांगायला नको.

पण करायला बसलं की कळतं. मी पहिल्या रोल-प्लेमध्ये समोरच्या ‘क्लायंट’ला मोठ्या उत्साहाने रोज पाऊण तास चालण्याची योजना आखून दिली. सकाळी साडेसहाला. तिने सगळ्याला ‘हो हो’ म्हटलं. निरीक्षकाने शेरा लिहिला : ‘चालायला कोणाला आवडतं?’ मला. मी माझा उपाय तिच्या वहीत लिहून मोकळी झाले होते. जो माणूस दात घासायला उठू शकत नाही त्याला पाऊण तास म्हणजे अपयशाची आणखी एक लेखी हमी. मग शिकले : रोजची कामं, टाळता न येणारी कामं आणि मनाला बरं वाटणारी कामं, अशा तीन याद्या त्याने करायच्या, प्रत्येकीतलं सोपं, मधलं, अवघड तोच ठरवणार, आणि सुरुवात इतकी लहान की हसू यावं. पडदा सरकवणं. आलेल्या एका मेसेजला उत्तर देणं. पाच मिनिटं अंगणात किंवा गॅलरीत उभं राहणं. कधी, कुठे, कुणाबरोबर, हे लिहून.

आठवडाभर तासातासाची डायरी आम्हालाही लिहायला लावली होती. केलेलं काम, त्यातून आनंद किती, काहीतरी पार पाडल्याचं समाधान किती, शून्य ते दहा. मी रोज रात्री साडेनऊ ते अकरा या वेळेला ‘आराम’ असं लिहिलं होतं. आराम म्हणजे मोबाइल. सात दिवस गुण : आनंद एक, समाधान शून्य. मी स्वतःला जे बक्षीस म्हणून देत होते त्याला मीच एक गुण देत होते! त्या आठवड्यात आम्ही पंधरा जण एकमेकांच्या डायऱ्या बघून जितके ओशाळलो तितके नंतर कधी नाही.

आणि मग तो श्वासाचा तास. पॅनिक अटॅकबद्दल शिकत होतो. मघाच्याच डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली मांडलेलं स्पष्टीकरण असं, की शरीरात एक साधी खळबळ होते, माणूस तिचा अर्थ ‘हार्ट अटॅक’, ‘वेड लागतंय’, ‘मरतोय’ असा लावतो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने खळबळ वाढते, आणि काही मिनिटांत शिखर. आम्ही सगळं नीट लिहून घेतलं. शिक्षिका म्हणाल्या, “आता वह्या बाजूला.” दमा, हृदयाचा त्रास, फिट्स, गरोदरपण असं काही आहे का, हे विचारून ज्यांना आहे त्यांना बाजूला बसवलं. उरलेल्यांनी एक मिनिट जोरजोरात, भराभर श्वास घ्यायचा.

वीस सेकंदांत डोकं हलकं झालं. पस्तीसाव्या सेकंदाला बोटांच्या टोकांना मुंग्या. ओठ बधिर. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ मागे सरकल्यासारखं दिसायला लागलं. मला माहीत होतं, मी मिनिटभरापूर्वीच लिहून घेतलं होतं, की अति श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि नेमकं हेच होतं. तरीही पन्नासाव्या सेकंदाला माझ्या मनात अत्यंत स्पष्ट, छापील अक्षरात विचार उमटला : हे काहीतरी वेगळं आहे, मला काहीतरी होतंय. मी थांबले. मिनिट पूर्ण केलं नाही. नाव होतं प्रात्यक्षिक, घाबरले मी खरीखुरी.

“काय केलंस थांबल्यावर?” शिक्षिकांनी विचारलं.

“बाटलीतलं पाणी प्यायले.”

“पाण्याने काय झालं?”

“बरं वाटलं.”

“आणि प्यायली नसतीस तर?”

तेव्हाही बरं वाटलंच असतं. श्वास आपोआप पूर्ववत झाला असता. पण श्रेय बाटलीला मिळालं, आणि पुढच्या वेळी बाटलीशिवाय मी हे करणार नाही. याला सुरक्षिततेची वर्तनं म्हणतात : दाराजवळची खुर्ची, खिशातली गोळी, फोनवर तयार ठेवलेला नंबर, सोबतीला कुणीतरी. त्यांच्यामुळे भीती त्या क्षणापुरती उतरते आणि कायमची टिकते, कारण बाटलीशिवायही काही झालं नसतं हे कळण्याची संधीच मिळत नाही. १९२४ साली मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाजवळ पिंजऱ्यातला ससा दिवसागणिक थोडा थोडा आणला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे : हळूहळू, पुरेसा वेळ, पुन्हा पुन्हा. त्यात आजची भर एवढीच की बाटली बाजूला ठेवून.

वर्ग सुटला तरी मी बसून राहिले. मला माझं ‘काही होणार नाही’ आठवत होतं. ‘मी आहे ना.’ ‘होईल सगळं ठीक.’ आयुष्यभर लोकांना हेच तर देत आले. चिंतेने पोखरलेला माणूस विचारतो, “काही होणार नाही ना?” आपण म्हणतो, “नाही रे, काही होत नाही.” त्याचा चेहरा सैल पडतो. दोन तासांनी तो पुन्हा विचारतो. मी लोकांची पाण्याची बाटली होते. छान ऐकत नव्हते. छान गप्प करत होते, त्यांनाही आणि माझ्या पोटातल्या गोळ्यालाही. ‘तर नाहीत ना’ हा प्रश्नही त्याच कारखान्यातला.

मग काय म्हणायचं? हे कुणी नेमकं सांगत नाही, आणि ते बरंच आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली उपचारकाकडून काय लागतं ते मांडलं : समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं, अटी न घालता स्वीकार, आणि स्वतःशी खरेपणा. वाचताना मी मान डोलावली होती. पण खरेपणात हेही येतं की मला उत्तर माहीत नाही, आणि त्या न माहीत असण्यात मी तुमच्याबरोबर बसू शकते. हे बसणं अवघड. चुळबुळ होते.

चुळबुळ मोजायचंही साधन होतं : रेकॉर्डिंग. आपलं सेशन आपणच ऐकायचं आणि सुपरव्हायझरसमोर पुन्हा ऐकायचं. स्वतःचा आवाज ऐकणं हीच एक शिक्षा. त्यात मी घड्याळ लावून बसले. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये दहा मिनिटांपैकी सहा मिनिटं मीच बोलत होते. ‘हं’, ‘बरोबर’, ‘अगदी’ यांची संख्या मोजायचं सोडून दिलं. एका ठिकाणी समोरची म्हणते, “कधी कधी मला वाटतं...” आणि थांबते. दोन सेकंदही जात नाहीत, माझा आवाज येतो, “थकवा येतो, हो ना?” ती म्हणते, “हो.” तिला काय वाटतं ते आता जगात कुणालाच कळणार नाही. भूमिका करणारी मैत्रीण होती, तरी मला चुटपुट लागली. नंतर तिला विचारलं, काय म्हणणार होतीस? तिलाही आठवेना.

काळजीवरचा पाठ सर्वांत शेवटी आला, आणि तो मला शब्दामुळेच लक्षात राहिला. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असं आपण म्हणतो ते खरंच आहे, पण या मनाला ‘गप्प बस’ म्हणून ते बसत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली प्रयोगात लोकांना सांगितलं की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. म्हणून काळजी बंद करायला सांगायचं नाही, तिला वेळ द्यायची. टॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली सुचवलेली ही युक्ती : दिवसभर मनात येईल ती काळजी लिहून ठेवायची, आणि रोज एका ठरावीक वेळी, ठरावीक जागी, अर्धा तास बसून मनसोक्त काळजी करायची. जिच्यावर काही करता येण्यासारखं आहे ती एका यादीत, जिच्यावर नाही ती दुसऱ्या. मी करून बघितलं. संध्याकाळी सहा वाजता यादी घेऊन बसले तर निम्म्या काळज्या शिळ्या झालेल्या. दोन तर मलाच वाचता येईनात.

आपल्या भाषेत हा एकच शब्द दोन क्रियापदांबरोबर दोन दिशांना जातो. काळजी करणं आणि काळजी घेणं. पहिलं बसल्या जागी होतं. दुसऱ्यासाठी उठावं लागतं. मला हे फार नीटनेटकं वाटलं होतं म्हणून मी वर्गात बोलून दाखवलं. सुपरव्हायझर म्हणाल्या, “छान आहे. पण क्लायंटला ऐकवू नकोस. त्याने स्वतः म्हटलं तर गोष्ट वेगळी.”

त्याच महिन्यात एका रात्री दादाचा फोन आला. आमचं महिन्यातून एकदा बोलणं होतं, तेही कामापुरतं. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, “झोप मोडते गं हल्ली. तीनला जाग येते ती येतेच.”

“किती दिवस झाले? म्हणजे गेल्या दोन आठवड्यांत साधारण किती—”

“फॉर्म भरतेयस का माझा?”

मी हसले. तोही हसला. पण मग गप्प झाला, आणि मला माझ्या तोंडाशी आलेलं वाक्य स्पष्ट ऐकू आलं : टेन्शन तर नाही ना काही? ते मी गिळलं. दुसरंही गिळलं. आपल्या माणसाचं समुपदेशन आपण करायचं नसतं, हा नियम पहिल्याच आठवड्यात शिकवतात. पण बहिणीने गप्प बसू नये असा काही नियम नाही, आणि बोलूच नये असाही नाही. मी खिडकीशी गेले. फोन कानाला धरून उभी राहिले.

“तीनला उठून काय करतोस?” मी विचारलं.

“काय करणार. पडून राहतो. छताकडे बघतो.” थोडा वेळ गेला. “तुला सांगू का...”

आणि तो थांबला. मी काही बोलले नाही. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता, कुठेतरी दार लागलं. किती सेकंद गेले ते मोजलं नाही.

“बाबा गेले ना,” दादा म्हणाला, “त्याच वेळेला जाग येते.”